समुद्रातला ठिपका कोणासाठी?

रत्नागिरी - मिरकरवाडा बंदरातून बाहेर पडलेल्या नौकेच्या मागे रत्नदुर्गाचा डोंगर लहान होत जातो, तसतसा तांडेलाच्या खिशातील मोबाईलही मुका होत जातो. किनाऱ्यापासून दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत कसाबसा संपर्क राहतो. त्यापलीकडे नौका, तिच्यावरील खलाशी आणि सोबत निघालेल्या चार-दोन नौका एवढेच जग उरते. मासळीच्या शोधात हे जग वीस, पंचवीस, कधी चाळीस सागरी मैलांपर्यंत सरकते. घरी वाट पाहणाऱ्यांना नौका नेमकी कोठे आहे, हे ती परत येईपर्यंत कळत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌ पिढ्या असेच चालत आले आहे.

हे चित्र बदलण्याचा सरकारचा प्रयत्न आता मोठ्या प्रमाणावर सुरू झाला आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे वाढवण बंदराच्या पायाभरणीच्या कार्यक्रमातच पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी मासेमारी नौकांसाठीच्या देशव्यापी उपग्रह संपर्क योजनेचा प्रारंभ केला. किनारपट्टीवरील तेरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील एक लाख यांत्रिक नौकांवर टप्प्याटप्प्याने ट्रान्सपाँडर बसविण्याची ही योजना असून तिचा खर्च सुमारे ३६० कोटी रुपयांचा आहे. यंत्र मच्छीमाराला विनामूल्य मिळते. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रातील मासेमारीसाठी जे नियम अधिसूचित केले, त्यांत ट्रान्सपाँडरचा वापर आणि मच्छीमारांची ओळखपत्रे बंधनकारक ठरविण्यात आली आहेत. प्रत्येक नौका लवकरच कोठल्या तरी पडद्यावर एक ठिपका होऊन दिसेल. हा ठिपका कोणी पाहायचा आणि तो पाहून पुढे काय करायचे, याविषयी मात्र बंदरावर फारशी चर्चा होताना दिसत नाही. खरे तर जीव वाचणे किंवा न वाचणे याच प्रश्नावर अवलंबून आहे.

दोन भीतींतून जन्मलेली यंत्रे

मासेमारी नौकांवर लक्ष ठेवण्याची कल्पना आपल्याकडे दोन वेगवेगळ्या भीतींतून आली. पहिली भीती २६ नोव्हेंबर २००८ ची. गुजरातमधील 'कुबेर' ही मासेमारी नौका ताब्यात घेऊन, तिच्या तांडेलाचा जीव घेऊन दहशतवादी मुंबईच्या किनाऱ्याशी पोचले. त्यानंतर मच्छीमाराकडे पाहण्याची शासनाची दृष्टीच बदलली. नौकांना रंगसंकेत आले, ओळखपत्रे आली, बंदरावर जाण्या-येण्याच्या नोंदी आल्या. वीस मीटरपेक्षा लांब नौकांवर 'एआयएस' म्हणजे स्वयंचलित ओळख यंत्रणा बसविणे सक्तीचे झाले. दीपगृहांवर ही यंत्रणा टिपणारी केंद्रे उभी राहिली. रत्नागिरी जिल्ह्यातील बहुसंख्य नौका वीस मीटरपेक्षा लहान असल्याने त्या या सक्तीबाहेरच राहिल्या, ही गोष्ट वेगळी.

दुसरी भीती वादळाची. ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' चक्रीवादळ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. ऐन हंगामाचे दिवस होते. इशारा पोचला तेव्हा अनेक नौका खोल समुद्रात होत्या, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातील कित्येक घरांतील माणसे परतली नाहीत. आजही हर्णै, जयगड किंवा साखरीनाटे येथे वाऱ्याने अवेळी दिशा बदलली, की जुनी माणसे फयानचेच नाव काढतात. पुढे २०१७ च्या नोव्हेंबरअखेरीस 'ओखी'ने केरळ आणि तमिळनाडूतील मच्छीमारांची तशीच, किंबहुना अधिक भीषण गत केली. त्या वादळातील एक आठवण कोकणची आहे. दक्षिणेकडे शोध सुरू असताना ६६ केरळच्या आणि २ तमिळनाडूच्या अशा ६८ नौका ९५२ मच्छीमारांसह सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला सुखरूप लागल्या. ही माणसे जिवंत आहेत, हे त्यांच्या घरच्यांना कळले ते मुख्यमंत्र्यांनी जाहीर केल्यावर. साडेनऊशे माणसे शेकडो मैल समुद्र कापून आली, आणि ती येत आहेत हे आपल्या कोणत्याही यंत्रणेला आधी सांगता आले नाही.

वादळाच्या भीतीने दिलेली यंत्रे 'इस्रो'कडून आली. २०१० पासून वापरात असलेले संकटसंदेश प्रक्षेपक हे त्यांतले पहिले. बटण दाबले की नौकेचे स्थान उपग्रहामार्फत बंगळूरच्या नियंत्रण केंद्रात आणि तेथून तटरक्षक दलाच्या बचाव समन्वय केंद्राकडे जाते. मात्र बटण दाबणाऱ्याला आपली हाक पोचली की नाही, हे कळण्याची सोय त्यात नव्हती. अंधारात, बुडत्या नौकेत, उत्तर नसलेल्या यंत्राकडे पाहत बसणे म्हणजे काय, याची कल्पना किनाऱ्यावरच्या कार्यालयात बसून येणार नाही. २०२४ च्या जानेवारीत आलेल्या दुसऱ्या पिढीच्या यंत्रात ही उणीव दूर झाली. संदेश मिळाल्याची पोच आता नौकेवर येते. दरम्यान, ऑक्टोबर २०१९ मध्ये 'जेमिनी' नावाचे यंत्र आले. ते हवामानाचे इशारे आणि मासळीच्या संभाव्य क्षेत्रांची माहिती उपग्रहावरून घेऊन मोबाईलवर दाखवी. पण मच्छीमाराला उलट काही सांगण्याची सोय त्यात नव्हती. आताच्या ट्रान्सपाँडरवर दोन्ही बाजूंनी लघुसंदेश जातात, स्थाननोंद आपोआप होते, संकटाचे बटण आहे आणि 'नभमित्र' या ॲपद्वारे स्थानिक भाषेत संदेश पाहता येतो. तंत्रज्ञान म्हणून ही मोठी मजल आहे, याबद्दल शंका नाही.

पंधरा मिनिटांचा हिशेब

पण समुद्रातील अपघाताचा हिशेब वेळेचा असतो. समजा, रत्नागिरीपासून पंचवीस सागरी मैलांवर, म्हणजे सुमारे ४६ किलोमीटरवर नौकेत पाणी शिरले. तांडेलाने बटण दाबले. संदेश उपग्रहावर गेला, नियंत्रण केंद्रात उतरला, खात्री झाली, तटरक्षक दलाला कळविले गेले. तीस नॉट वेगाची गस्ती नौका त्या क्षणी इंजिन सुरू करून सज्ज असेल असे धरले, तरी तिला पोचायला पाऊण तासाहून अधिक वेळ लागेल. आणि ती तशी सज्ज असेलच असे नाही. बंदरातून निघालेली साधी मासेमारी नौका आठ नॉट वेगाने तीन तासांत पोचेल. आता तोच आठ नॉटचा वेग, पण दोन मैलांवर जाळे टाकून बसलेली शेजारची नौका घ्या. तिला पंधरा मिनिटे पुरतात.

पंधरा मिनिटांचा हा आकडा अगदी वेगळ्या मुलखातील माणसांना फार ओळखीचा आहे. अमेरिका आणि कॅनडातील बर्फाळ डोंगरांत स्नोमोबाईल घेऊन रस्त्याबाहेर, निर्जन भागात जाणारे हौशी स्वार टोळी करून फिरतात. तेथेही मोबाईल चालत नाही आणि मदतीचे हेलिकॉप्टर तासाभराच्या अंतरावर असते. हिमलोटाखाली गाडलेला माणूस सुमारे पंधरा मिनिटांच्या आत बाहेर काढला, तर वाचण्याची शक्यता पुष्कळ असते. अर्धा तास उलटला की ती झपाट्याने घसरते. स्वित्झर्लंडमधील हिमलोटांच्या अभ्यासातून १९९०च्या दशकातच हे स्पष्ट झाले होते, आणि त्यानंतरच्या अभ्यासांनी ही मुदत आणखी कमी, दहा मिनिटांच्या आसपास आणली. त्यामुळे तेथील सुरक्षेची सारी रचना सोबत्यांवर उभी आहे. प्रत्येक जण ४५७ किलोहर्ट्‌झवर संकेत देणारे छोटे यंत्र बाळगतो. कोणी गाडला गेला, की उरलेले आपापली यंत्रे शोधाच्या स्थितीत आणून त्याला हुडकतात. अलीकडे टोळीतील सर्वांची ठिकाणे एकमेकांच्या पडद्यावर दाखविणारी साधने आली आहेत. उपग्रहावरून घरी संदेश पाठविणारे यंत्रही सोबत असते. पण ते गाडलेल्याला काढण्यासाठी नव्हे, तर काढल्यानंतर रुग्णालयात नेण्यासाठी, असा तेथील अनुभवी स्वारांचा समज पक्का आहे.

त्या मंडळींचा आणखी एक दंडक आपल्या उपयोगाचा आहे. संकेत देणारे यंत्र अंगावर बांधायचे, गाडीवर किंवा पाठपिशवीत ठेवायचे नाही. हिमलोटात माणूस आणि गाडी वेगळे होतात. गाडी सापडून उपयोग नसतो. आपल्याकडील ट्रान्सपाँडर मात्र नौकेला जखडलेला आहे. रात्री जाळे ओढताना तोल जाऊन खलाशी समुद्रात पडला, हे वृत्त वर्षातून अनेकदा आम्हा बातमीदारांना लिहावे लागते. नौका शाबूत असते, तिचा ठिपका पडद्यावर नेमाने हलत असतो, आणि माणूस मैलभर मागे राहिलेला असतो. तो पडला कधी, हेच पुष्कळदा जेवायच्या वेळी डोकी मोजल्यावर कळते. जीवरक्षक जाकिटे नौकेवर असतात. ती तपासणीच्या वेळी बाहेर येतात. जाकीट घालून जाळे ओढणे अवघड जाते, ही खलाशांची तक्रार खोटी नाही. पाण्यात पडताच संकेत देणारी, अंगावर बांधायची एआयएस यंत्रे जगात मिळतात. एक लाख नौकांच्या योजनेत त्यांचा विचार दिसत नाही.

शेजाऱ्याला दिसले पाहिजे

उपग्रहाचा ट्रान्सपाँडर आणि एआयएस यांत एक मूलभूत फरक आहे, आणि तो बंदरावरील सभांमध्ये कोणी समजावून सांगताना दिसत नाही. ट्रान्सपाँडरचा संदेश वर जातो आणि किनाऱ्यावर उतरतो. एआयएसचा संदेश रेडिओलहरींवरून थेट आजूबाजूला पसरतो. लहान नौकांवरील एआयएस चालत्या नौकेचे नाव, जागा आणि वेग साधारण दर अर्ध्या मिनिटाला सांगते, आणि आठ-दहा मैलांच्या टापूतील ज्या कोणाकडे तसेच यंत्र असेल त्याला ते दिसते. त्यासाठी मधे उपग्रह लागत नाही, नियंत्रण केंद्र लागत नाही, कोणाची परवानगीही लागत नाही. टोळीने जाणाऱ्या नौकांना एकमेकींवर नजर ठेवण्यासाठी याहून सोपे साधन नाही. मोठी मालवाहू जहाजेही याच यंत्रावर लहान नौका पाहू शकतात, आणि जयगडसारख्या ठिकाणी, जेथे एकाच वाटेवर कोळशाची अजस्र जहाजे आणि मासेमारीच्या नौका वावरतात, तेथे हे फार महत्त्वाचे आहे. २०२१ च्या ऑक्टोबरात जयगडहून गेलेली 'नावेद-२' ही नौका खलाशांसह बेपत्ता झाली, तेव्हा मोठ्या जहाजाची धडक बसली असावी असा संशय मच्छीमारांनी व्यक्त केला होता. तो खरा की खोटा, याची शहानिशा करायला नौकेच्या शेवटच्या अर्ध्या तासाची एखादी नोंद हाती असती, तर त्या कुटुंबांना निदान प्रश्न तरी नेमका विचारता आला असता.

उपग्रहाच्या यंत्रणेतही शेजाऱ्याला जागे करणे अशक्य नाही. नियंत्रण केंद्राकडे साऱ्या नौकांची स्थाने असतात आणि नौकेकडे संदेश पाठविण्याचा मार्गही असतो. संकटाचे बटण दाबले जाताच पाच मैलांच्या आतील प्रत्येक ट्रान्सपाँडरवर नाव, दिशा आणि अंतर आपोआप जावे, माणसाच्या हातून नव्हे, एवढा एक नियम संगणकात घातला तर पंधरा मिनिटांची ती नौका कामाला लागेल. तटरक्षक दलाचे १५५४ आणि सागरी पोलिसांचे १०९३ हे क्रमांक बंदराच्या भिंतीवर रंगविलेले असतात. ते उपयोगी आहेतच. पण ज्या ठिकाणी फोनच लागत नाही, तेथे ते क्रमांक पाठ असून काय करायचे?

किनाऱ्यावरून पाहणारा डोळा किती भरवशाचा, याचेही दोन अनुभव शेजारच्या रायगड जिल्ह्याने दिले आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरच्या वाळूत एक परदेशी नौका लागली. तीत तीन एके-४७ रायफली सापडल्या आणि राज्यभर खळबळ उडाली. जून महिन्यात ओमानच्या बाजूला इंजिन बंद पडल्याने तिच्यावरील माणसांची सुटका झाली होती आणि रिकामी नौका वाहत वाहत येथवर आली होती, असा खुलासा पुढे झाला. आख्खी नौका अरबी समुद्र ओलांडून आली, ती पहिल्यांदा पाहिली ती किनाऱ्यावरील ग्रामस्थांनी. याउलट जुलै २०२५ मध्ये कोर्लईसमोर रडारवर संशयास्पद नौका दिसली म्हणून तटरक्षक दल, नौदल, पोलिस अशी सारी यंत्रणा भर पावसात धावली. अखेर तो पाकिस्तानी मासेमारी नौकेच्या जाळ्याचा, स्थानदर्शक यंत्र लावलेला आणि वाहत आलेला बोया असल्याचे सांगण्यात आले. पडद्यावर बोया नौका होऊन बसतो आणि नौका मुळीच दिसत नाही. यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. समुद्र एवढा मोठा आहे.

यंत्र बंद का होते?

आता अडचणीच्या विषयाकडे येणे भाग आहे. ज्या ठिपक्याने जीव वाचायचा, त्याच ठिपक्याने दंडही होऊ शकतो. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा. त्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन दंडाच्या रकमा लाखांच्या घरात गेल्या. पर्ससीन जाळ्यांवर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने निर्बंध आले, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर २०१७ च्या नोव्हेंबरात केंद्राने बंदी घातली. जानेवारी २०२५ पासून मिरकरवाड्यासह किनाऱ्यावरील ठरावीक केंद्रांतून ड्रोन आकाशात जाऊ लागले. पारंपरिक मच्छीमारांनी या ड्रोनचे स्वागत केले, कारण बारा मैलांच्या आत येऊन मासळी ओरबाडणाऱ्या बड्या नौकांविरुद्ध ते वर्षानुवर्षे ओरडत होते आणि पुरावा कोणाकडेच नव्हता. त्यांची बाजू न्यायाची आहे, असेच प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे.

मात्र याचा परिणाम असा, की नौकेवरील कोणतेही यंत्र म्हणजे सरकारचा डोळा, अशी समजूत बंदरावर घट्ट झाली आहे. त्यात धंद्याचे गुपितही आहे. मासळीची जागा हाच नाखव्याचा खरा ठेवा. तो सख्ख्या भावालाही सांगितला जात नाही, तर पडद्यावर कसा दाखवायचा? अशा वेळी वायर निसटते, बॅटरी उतरते, यंत्रावर ताडपत्री येते. आणि मग ज्या रात्री खरोखर गरज पडते, त्या रात्रीही ताडपत्री तशीच असते.

यावर उपाय म्हणून नियमभंग करणाऱ्याला मोकळे सोडा, असे कोणी म्हणणार नाही. पण शासनाने निदान काही गोष्टी लेखी आणि मराठीत जाहीर कराव्यात. स्थाननोंद किती दिवस ठेवली जाते, ती कोणत्या खात्याला दिसते, दंडाच्या प्रकरणात ती पुरावा म्हणून वापरली जाते की नाही, आणि संकटाचे बटण दाबून मदत मागणाऱ्या नौकेवर त्याच फेरीबद्दल कारवाई होणार का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेच असायला हवे. बुडणाऱ्याने आधी परवान्याचा विचार करावा, अशी व्यवस्था कोणालाच नको आहे.

मच्छीमार स्वतः बाजारातून चांगले यंत्र घेऊ शकत नाहीत का, असा प्रश्न शहरी वाचक विचारतील. परदेशातील गिर्यारोहक आणि स्नोमोबाईल स्वार सर्रास वापरतात ती उपग्रह संदेशयंत्रे भारतात परवानगीवाचून बाळगणे गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर एका कॅनेडियन महिलेला अशाच यंत्रामुळे ताब्यात घेण्यात आले होते. २००८ च्या अनुभवानंतर ही सावधगिरी समजण्यासारखी आहे. परंतु दुसरी सारी दारे बंद ठेवायची, तर सरकारने दिलेले एकमेव यंत्र तरी चोख चालले पाहिजे, आणि ते बिघडल्यास दुरुस्त करणारा माणूस मुंबईला नव्हे, रत्नागिरीत आणि हर्णैत भेटला पाहिजे. खाऱ्या हवेत साधी विजेची बटणेही वर्षभर टिकत नाहीत, हे येथे कोणाला सांगायला नको.

यंत्राने सारे प्रश्न सुटतात, असेही नाही. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' रत्नागिरीच्या समुद्रातून पुढे सरकले आणि मुंबईपासून दूर तेलक्षेत्रात 'पी-३०५' ही तराफानौका १७ मे रोजी बुडाली. तिच्यावर २६१ माणसे होती, ती कोठे आहे हे सर्वांना ठाऊक होते, वादळाचे इशारे दिवसेंदिवस येत होते. तरीही सत्तरहून अधिक माणसे गेली. ठावठिकाणा माहीत असूनही किनाऱ्याकडे वळण्याचा निर्णय वेळेवर झाला नाही, हे त्यामागचे दुखणे होते. मासेमारी नौकेवर हा निर्णय तांडेल घेतो, आणि त्याच्या डोक्यावर डिझेलचा खर्च, बर्फाचा खर्च आणि मालकाची उधारी असते. तीन नंबरचा बावटा लागल्याचा संदेश मोबाईलवर वाचूनही एक खेप आणखी टाकू, असे वाटणे स्वाभाविक आहे. सोबतच्या नौका माघारी फिरताना दिसल्या तर मात्र तोही फिरतो. हा टोळीचा धाक कोणत्याही लाल अक्षरांतील इशाऱ्यापेक्षा जास्त काम करतो, आणि त्यासाठीही सोबतच्या नौका दिसणे आवश्यक आहे.

१ जून ते ३१ जुलै हा बंदीचा काळ कोकणात डागडुजीचा असतो. नौका शाकारल्या जातात, रंग लागतो, इंजिने उघडली जातात. नारळी पौर्णिमेच्या आधी टोकन आणि परवान्यासाठी कार्यालयात रांग लागते. त्या रांगेतच यंत्राची बॅटरी तपासणे, बटण दाबून चाचणी संदेश पाठविणे आणि पोच आली की नोंद करणे, हे मत्स्यव्यवसाय विभागाला जमण्यासारखे आहे. चुकून दाबल्या गेलेल्या बटणांमुळे जगभरातील बचाव केंद्रे हैराण असतात. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी चाचणी झाली तर तीही गुंतागुंत टळेल.

आणि ही चाचणी तांडेलाबरोबर खलाशांकडूनही करवून घ्यायला हवी. मिरकरवाड्याच्या नौकांवर आज नेपाळी खलाशी मोठ्या संख्येने आहेत; कर्नाटकातूनही येतात. त्यांतील अनेकांनी नोकरीला येण्याआधी समुद्र पाहिलेला नसतो. तांडेल जखमी झाला किंवा तोच पाण्यात पडला, तर ट्रान्सपाँडरपाशी उभा राहणारा माणूस बहुधा हाच असेल. त्या डब्याचे संकटबटण कोणते आणि ते किती वेळ दाबून धरायचे, हे त्याला त्याच्या भाषेत एकदा दाखवायला बंदरावर दहा मिनिटे लागतील.